पायलीतली चूक

सिल्लोडकडचा बुद्धभूषण संख्याशास्त्र शिकला अन् शहरातल्या पुंडलिकनगरात दोन खोल्या घेऊन बसला. बरोबरीचे नोकऱ्या बदलत राहिले, ह्यानं एकच खूळ धरलं. आकड्यांचा अर्थ लावायला मराठीतून हुकूम देता येईल अशी कॉम्प्युटरची भाषा. नाव ठेवलं पायली. 'चाळ', 'निवड', 'सरासरी काढ' लिहिलं की ती ऐकायची. कॉलेजातल्या पोरांनी उचलली, मग पाणीटंचाईवर काम करणाऱ्या एका संस्थेनं. टँकरच्या गावांची यादी पायलीतून निघायला लागली.

आज सकाळी गावाकडून आत्याचा, चंपाबाईचा फोन आला.

"भूषण्या, तुही मशीन ढोसून बसती का रं? तुह्या यादीत आमच्या इहिरीत म्हणं बारा हात पाणी. तळाला बेडूक वाळून पडलाय!"

"माप कुणी घेतलं, आत्या?"

"संस्थेच्या सखारामनं. मपल्या डोळ्यासमोर दोर सोडला. कोरडाच निघाला."

बुद्धभूषणनं सखारामची नोंद उघडली; आत्याच्या गावापुढं दोन तिरप्या रेघा होत्या. आधीच्या गावाइतकंच पाणी असलं की सखारामसारखी माणसं आकडा लिहीत नाहीत, दोन तिरप्या रेघा मारतात. ते त्याला ठाऊक होतं. रेघा दिसल्या की वरचा आकडा घे, असं त्यानंच पायलीला शिकवलं होतं. पण पायली आधी गावं अ-आ-इ प्रमाणं लावायची अन् मग रेघा भरायची. तेवढ्यात वरचं गाव बदललेलं असायचं. आत्याचं कोरडं गाव यादीत भरल्या विहिरीच्या गावाखाली जाऊन बसलं होतं, बारा हात तिथूनच आले.

"गुपचूप दुरुस्त करा की," त्यानं चूक दाखवल्यावर बायको रत्नमाला म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"पुढचं व्हईल. मागच्या याद्यांचं काय?"

"चुकल्या असत्या तर गावांनी बोंब मारली असती."

"मारली असंल. आपली आत्या हाय म्हणून ही आपल्यापर्यंत आली."

त्यानं संस्थेच्या मंजुषाताईंना फोन लावला.

"ताई, सखारामची चूक नाय. माझ्या भाषेची हाय. पायली आल्यापासनं जेवढ्या याद्या निघाल्या, सगळ्या परत तपासा. आत्याच्या गावाला टँकर आजच पाठवा."

"अन् बाकीची गावं? कोणकोणती?"

"अजून माहीत नाय."

ताईंनी विचारलं, "तोवर पायली बंद ठेवू?"

"ठेवा," तो म्हणाला.

मग तो पायली वापरणाऱ्या सगळ्यांना लिहायला बसला. 'पायली वापरू नका,' एवढं लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यानं उचलला. "आमची इहीरबी कोरडीच हाय, अन् यादीत भरलेली," सिल्लोडकडच्या बोलीत पलीकडून कुणीतरी म्हणालं.