अक्काताईचा अध्याय

अक्काताईच्या तोंडाला शहापूरची अख्खी विणकर आळी टरकून असे. प्लेगात नवरा गेला, तरणीताठी ती भावाच्या, मष्णूच्या, घरी आली आणि मागावर बसली. विधवेला शुभकार्यात कोण विचारतं? पण खंडेनवमीला मागाची पहिली पूजा तिचीच. घरातल्या पोथीत, विणकरांच्या पुराणात, तसा अध्यायच होता: शंकराला पहिलं वस्त्र एका विधवेनं विणून दिलं. मष्णू तो वाचायचा आणि भावकी मुकाट बाजूला सरायची.

१९२६ साली पुण्याहून एक शास्त्री पोथी छापायला न्यायला आले. घरातलं पाणी प्याले नाहीत, पोथी मात्र पंच्यानं पुसून झोळीत घातली. "हे अठरा पुराणांतलं नव्हे, जातीपुरतं आहे. मी शुद्ध करून छापतो," म्हणाले. अक्काताईनं तिथंच कडाकडा बोटं मोडली.

"मष्णू, देऊ नगंस रं. ह्यो मानूस आपला इटाळ मानतोय, आपली पोथी काय जपंल?"

मष्णूनं ऐकलं नाही. छापील पुस्तकाची हाव लई वाईट.

वर्षानं पुस्तक आलं, पोथीही परत आली. नवी प्रत झाली की जुनी नदीत सोडायची, ही आळीची रीत. आधी दोन्ही ताडून बघायच्या, हीसुद्धा रीतच. पण छापलेल्यात चूक कसली, म्हणत मष्णूनं पोथी काकतीजवळ मार्कंडेय नदीत सोडली आणि हात जोडून घरी आला.

खंडेनवमीला पुस्तक उघडलं. तो अध्यायच नव्हता. त्या जागी टिंबांची ओळ आणि खाली बारीक टीप: 'येथील ओव्या असभ्य व मागाहून घुसडलेल्या वाटल्याने गाळल्या. पोथी एकच मिळाली, तीही अडाण्यांच्या घरची.' हा म्हणे संपादक! दुसऱ्याचं घर झाडायला घेतलं आणि देव्हाराच उकिरड्यावर टाकला.

चुलतभाऊ भरमा टपूनच होता. "पुस्तकात न्हाय म्हंजे न्हाय. आक्का, ऊठ. पूजेचं ताट माझ्या बायकूकडं दे."

अक्काताईनं भावाकडं पाहिलं. "मष्णू, जलमभर तूच वाचलास न्हवं? तोंडपाठ हाय तुला. म्हन की."

मष्णूला ओवीन् ओवी येत होती. पण त्याची मान वर होईना. "छापलंय त्येच वाचाय पायजे, आक्का," तो पुटपुटला.

तिनं ताट खाली ठेवलं. "त्या शास्त्र्याला मी कोन? तू तर पाठचा भाऊ."

त्याच दिवशी ती घर सोडून खासबागेच्या विणकर वस्तीत परक्याच्या मागावर गेली. पुढं मष्णू वारला, तेव्हा निरोप तिला वेळेवर पोचला होता. ती विणत राहिली.