माझा अंगठा, त्यांचा कागद

त्याने माझा डावा अंगठा धरला तेव्हा माझ्या उजव्या हातात पेन होतं.

फुग्यांच्या कंपनीतला माझा पहिला दिवस होता. कंपनी डहाणूच्या बाहेर, चिकूच्या वाडीला लागून. मी सायवनच्या आदिवासी पाड्यातली, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. सही करायची म्हणून घरून मुद्दाम पेन आणलेलं. कारकुनाने मान वर केली नाही. माझा हात ओढला, अंगठा निळ्या पॅडवर दाबला, मग कागदावर. मग खिशातून रुमाल काढून आपली बोटं पुसली. शाई माझ्या अंगठ्याला होती. त्याच्या बोटांना फक्त माझा हात लागला होता.

"मला सही येते," मी म्हणाले.

"तुमच्या लोकांचं अंगठ्यावरच चालतं. चल, पुढची."

पुढची लखमी मावशी. आमच्याच पाड्यातली, तिनेच मला या कामाला आणलं होतं. तिने अंगठा आधीच पुढे करून ठेवला होता. काम झालं तसा तो तिने केसात पुसला, सगळ्याच बाया पुसतात तसा, आणि मला हळूच म्हणाली, "गप रे बाय. अंगठा देऊन काय झिजतं?"

मी गप्प बसले. दोन वर्षं बसले. कागद आला की अंगठा पुढे. पेन पिशवीच्या तळाशी. याचा दोष मी कुणाला देत नाही, तो माझा आहे. दहावी शिकलेली मुलगी न वाचता अंगठा देते, यापेक्षा मोठा मूर्खपणा मला माहीत नाही.

काम पॅकिंगचं. रंग वेगळे करायचे, फाटके बाजूला काढायचे, पुडे बांधायचे. आम्ही वीस बाया. कंपनीत बायांचं शौचालय होतं आणि त्याला कुलूप होतं. चावी कारकुनाच्या खिशात. मागायला गेलं की तो मोठ्याने विचारायचा, सगळ्या पुरुषांसमोर, "आता कशाला? सकाळी गेली नव्हतीस?" पुरुष हसायचे. एकदा गेलेली बाई पुन्हा मागायला जायची नाही. मग आम्ही भिंतीपलीकडे वाडीत जायचो. तिथला राखणदार दगड उचलून ओरडायचा, जशी काही गुरं शिरलीत. शेवटी आम्ही आमचा उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. मे महिन्यातसुद्धा नाही.

लखमी मावशी त्या उपायाने आजारी पडली. लघवीतून रक्त, अंगात ताप. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण तिच्यावर रागावली, "पाणी पीत जा, लघवी तुंबवू नकोस. पुन्हा असं केलंस तर किडनीवर जाईल." मावशीने मान हलवली. आठ दिवसांनी ती कामावर आली आणि पुन्हा कोरड्या तोंडाने पुडे बांधायला बसली.

मग पत्र आलं, कंपनीची तपासणी करायला सरकारी साहेब येणार. तपासणीच्या आदल्या दिवशी एक माणूस बॅग घेऊन आला. वेगवेगळ्या कंपन्यांचे कायद्याचे कागद तयार करून द्यायचे, हा त्याचा धंदा. शौचालयाचं कुलूप काढलं. फिनेल ओतलं. नवी बादली, नवा साबण. दारावर 'महिला' अशी पाटी. आम्ही बघतच राहिलो. कारकून म्हणाला, "साहेब येऊन जाईपर्यंत आत कुणी जायचं नाही. घाण कराल."

म्हणजे दार उघडं आणि आम्ही तरीही वाडीत. मला संताप आला, तरी मी भिंत ओलांडून वाडीतच गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, शेठबरोबर चहा प्यायले, शौचालय बाहेरून बघितलं. पॅकिंगच्या टेबलाशी कारकुनाने कागद पसरला आणि शेजारी जुनी फाइल उघडी ठेवली. फाइलीत गेल्या वर्षीचा कागद होता. मी वाचला. महिलांसाठी शौचालय: आहे. दिवसभर खुले: आहे. तक्रार: नाही. खाली निळे अंगठे. एकाशेजारी माझं नाव, कारकुनाच्या अक्षरात. नावापुढे एक शब्द: निरक्षर.

मावशीचं दुखणं माझ्याच अंगठ्याने खोटं ठरवलं होतं.

कारकुनाने माझा हात धरला. मी अंगठा आत घेऊन मूठ आवळली. त्याने ओढलं, मी सोडलं नाही.

"मी वाचून सही करीन."

साहेबांनी वर बघितलं. "वाचता येतं?"

"येतं."

मी कागद मोठ्याने वाचला, वीस जणींना ऐकू जाईल असा. मग पिशवीतून पेन काढलं. 'दिवसभर खुले' पुढचं 'आहे' खोडलं, 'नाही' लिहिलं. पुढे लिहिलं, चावी कारकुनाच्या खिशात असते. खाली सही केली.

साहेबांनी बायांना विचारलं, "ही म्हणते ते खरं का?"

सगळ्या पुड्यांवर वाकल्या. लखमी मावशीसुद्धा. ती लाल फुगे मोजत राहिली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. साहेब कारकुनाला म्हणाले, "हे बघून घ्या," आणि गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी कुलूप परत लागलं होतं. मला फाटकाबाहेर थांबवलं. "शेठ बोलतील मग आत ये." पॅकिंगची खिडकी फाटकाला लागूनच, आतलं मला दिसत होतं, ऐकूही येत होतं. कारकुनाने नवा कागद आणला. कालचा खराब झाला, म्हणाला. रांगेत पहिली लखमी मावशी. त्याने तिचा हात ओढला. मावशीची मूठ बंद होती.

"आदी तिला वाचू दे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"भायेर उभी केलीस तिला. ती वाचल, मंग मी अंगठा देन."

तिच्यामागची बाई हलली नाही. तिच्यामागचीही नाही. शेवटी कागद फाटकापर्यंत आला. मी वाचला. तेच आहे, आहे, आहे. मी तो सही न करताच परत केला.

मला अजून आत घेतलेलं नाही. घेतील की नाही, ठाऊक नाही. चावी अजून त्याच्याच खिशात आहे. रविवारी पाड्यावर मावशीच्या ओट्यावर बसून मी आमचा कागद लिहिला. कुलूप, दगड, पाणी, दवाखाना, सगळं. दोनदा वाचून दाखवला. माझ्यासकट नऊ जणींनी खाली नावं दिली. मावशीने आपला अंगठा आपणच शाईत बुडवला, आपणच टेकवला, कुणी हात धरला नाही. अकरा जणी आल्या नाहीत. त्यांना भीती आहे. मलाही आहे.

उद्या मी तो कागद घेऊन पालघरच्या कामगार कचेरीत जाते. साहेब नाहीत म्हणतील, उद्या या म्हणतील. मी दारात बसेन. शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय उठणार नाही.