उतरत गेलेला सूर

कोणी निरोप घ्यायला लागलं की पास्कूमामा म्हणायचे, "बोलत बोलत जा." पाहुणा फाटकापर्यंत काहीतरी बडबडत जाई आणि मामा डोळे मिटून ऐकत. आता ते नाहीत, पण मी अजून कोणाच्या घरून मुकाट्याने निघत नाही.

ठाण्याच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ते व्हायोलिन वाजवत. येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी लागते आणि पुढे गेली की उतरते, हे त्यांनी हेरलं होतं. मी शाळेच्या इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवलं, की दूर जाणाऱ्या ताऱ्याच्या उजेडातल्या रेघाही अशाच तांबड्याकडे सरकतात. मामा ताडकन उठले. "मग तारा लांब जातो एवढ्यावर थांबायचं कशाला गो? रेघा आणखी सरकल्या तर धाव वाढतेय, मागे आल्या तर कमी होतेय, तेही कळेल!"

हे मुंबईच्या एका प्रोफेसरांना लिहून पाठवायचं होतं. त्यासाठी साक्षीदाराची सही हवी होती. ती मागायला गेलो, तर डोंबिवलीचे स्टेशनमास्तर हसले. "वाफ कमी झाली की शिटी उतरते, मामा. धावेचा काय संबंध?"

मामांनी शिटीच रद्द केली. लग्नाच्या बँडातल्या फ्रान्सूला कॉर्नेट, त्याचा पितळी कर्णा, घेऊन कल्याणच्या गाडीत शेवटच्या डब्यात बसवलं. "एकच सूर. दम घे, पण सूर हलवू नको."

आम्ही मास्तरांसह ठाकुर्लीच्या शेतात रुळाजवळ उभे राहिलो. "माझा कान माझ्या बाजूचा," मामा मास्तरांना म्हणाले. "पोरीचा कोणाच्याच बाजूचा नाही." पुढे कल्याण, म्हणजे गाडी मंदावणार, यात तिघांनाही शंका नव्हती. मंदावली की उतरलेला सूर हळूहळू परत चढायला हवा.

गाडी समोरून गेली, सूर उतरला. मामांनी व्हायोलिनवर मूळ सूर धरला. फ्रान्सूचा सूर आणखी खाली जात राहिला.

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

"ऐकलंस ते सांग गो. हवंय ते नको."

"धाव... वाढतेय."

मास्तर खदखदून हसले. "स्टेशन आलं आणि धाव वाढली? कागद घरी न्या, मामा!"

मामांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी कागदावर लिहिलं, 'वाढली.'

संध्याकाळच्या गाडीने फ्रान्सू डोंबिवलीला परतला, ओठ सुजलेले. "मामा, गाडी लेट होती. सिग्नल पडलेला, रस्ता मोकळा बघून डायवरने इंजिन असं सोडलं! कल्याणच्या दारात कचकन ब्रेक. दात पडायचे राहिले माझे!"

मास्तरांनी त्याला दोनदा विचारलं. मग आत जाऊन दौत आणली, सही केली आणि खाली 'ऐकणारी' असं लिहून नावासाठी माझ्याकडे पाहिलं.

"रोझा," मी म्हटलं. प्लॅटफॉर्मवरची माणसं वळून बघू लागली, इतक्या मोठ्याने.

कागद टपालाच्या थैलीत टाकायला मास्तर निघाले. मामांनी डोळे मिटले. "मास्तर, बोलत बोलत जा!"

आणि मास्तर खरंच प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत माझं नाव घेत गेले.