नाव कुठे लिहायचं?

लिमाच्या बाजारात माझ्या चपलांच्या दुकानाशेजारी एवारिस्तोचं जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान आहे. गेम जिंकला की डबीच्या आत आपलं नाव लिहायचं आणि ती देऊन दुसरी न्यायची, ही तिथली रीत.

काल शिवणकाम करणाऱ्या ओफेल्मिराबाई हात हलवतच आल्या. "जिंकले रे! पण हा गेम ऑनलाइन, फक्त वर्गणीदारांना मिळतो, त्याला डबीच नाही. नाव कुठे लिहू?"

एवारिस्तो डोकं खाजवत म्हणाला, "आणि वर्गणी संपल्यावर?"

"गेमही जातो म्हणे."

"मग मावशी, तुम्ही घेतलंत तरी काय?"

"तेच तर कळत नाही मेलं!"

शेवटी त्याने एक रिकामी डबी पुढे केली. बाईंनी आत नाव लिहिलं. आज एका गिऱ्हाइकाने त्या डबीची किंमत विचारली, तर हा वेडा म्हणतो, "ठाऊक नाही बुवा. पण ती आता रिकामी नाही."