सिग्नलवरच्या म्हातारीने सांगितलं ते

मंडळी, एक गोष्ट दुपारपासून मनातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ऑफिसमधून येताना चौकातल्या सिग्नलवर थांबले होते. डोक्यावर ऊन, मागे गाड्यांची रांग. तिथे रोज भीक मागणारी म्हातारी माझ्या स्कूटीकडे येताना दिसली. मी नेहमीसारखी सिग्नलच्या आकड्यांकडे बघत बसले. ती जवळ आली तशी न बघताच म्हणाले, "पुढे जा, मावशी."

ती हलली नाही. "पैसे नाई मागून राह्यली, बाई. गाडीचं स्टँड खाली हाये तुमच्या. वळताना पडसान."

खरंच खाली होतं. मी ते वर केलं, तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाले. आभार मानायचे राहूनच गेले.

संध्याकाळी आमच्या पिपरी मेघेच्या कॉलनीतले काका अर्ज घेऊन आले. चौकातल्या भिकाऱ्यांना हटवा, असा अर्ज.

"लय तरास देऊन राह्यले हे लोक. सही करा ताई, सगळ्यायनं केली."

"काका, ती म्हातारी तर कोणाला त्रास देत नाही."

"मंग तिच्यासाठी वेगळा अर्ज करू काय?" काका हसले.

गॅसवर भाजी होती, पाय दुखत होते. वाद घालायचं त्राण नव्हतं. मी सही केली.

उद्या त्याच सिग्नलवर थांबायचं आहे. खरं सांगा, तुम्ही केली असती का सही?