टेम्पोभर घर

इस्पितळाच्या बाकावर तो दर खेपेला माझ्या शेजारी असायचा. शाहूवाडीकडचा, धिप्पाड, नंबर यायच्या आधीच बाही दंडापर्यंत सारून बसलेला. आम्हा दोघांनाही हेपॅटायटिस सी. गोळ्या सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बी तपासायचा, नाहीतर सी दबला की बी उसळतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोघांचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. त्यानं आपला अख्ख्या बाकाला ऐकवला, "ह्यो दुसरा पण हाय की माझ्यात!" मी माझ्या रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. माझ्यातही होता.

घरच्यांचं रक्त तपासून लस द्यायला हवी, असं दोघांनाही सांगितलं गेलं. पुढच्या खेपेला हा टेम्पोत सगळं घर घालून आला. बायको त्याला चारचौघांत झापत होती, "अंगात मरगळ हाय म्हणून आधी सांगाया काय झालतं?" तो खाली मान घालून हसत होता. म्हातारी आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझा नुसता जळफळाट झाला.

"पावणं, तुमची मंडळी कवा आणताय?" त्यानं मला विचारलं.

"गावाला गेलीय," मी म्हणालो.

ती शाहूपुरीत घरीच होती, इस्पितळापासून दहा मिनिटांवर. संध्याकाळी तिनं विचारलं, "ऑफिसात फार काम होतं का?" मी हो म्हणालो. तिनं निमूट पाणी आणून दिलं. त्या बाईसारखं हिनंही माझ्यावर ओरडावं, असं वाटत राहिलं. पण ओरडायला मी तिला काही सांगितलंच नव्हतं.