अख्खं बोंड
ताज्या पेपराच्या शाईचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. बीटी कपाशीला अळी लागत नाही, असं सगळे छातीठोक सांगत त्या काळातली गोष्ट. आमच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली, तेव्हा वडील पिशवीभर बोंडं घेऊन मोताळ्याला साप्ताहिकाच्या मालकाकडे गेले. मी सोबत होतो. हा मालक आमच्या समाजाचा पुढारी, त्याला विचारल्याशिवाय सोयरीक जमत नसे. "हे छापा, लोकायले समजू द्या," वडील म्हणाले. त्यानं एक बोंड फोडून अळी पाहिली, हळहळला, चहा पाजला. फोटोसाठी वडील दुसरं बोंड फोडू लागले तर म्हणाला, "राहू द्या भाऊ, अख्खंच धरा. अन् जरा हसा, पेपरात येऊन राह्यले तुम्ही." वडील हसले. पुढच्या बाजाराच्या दिवशी पेपर आला. पहिल्या पानावर बियाण्याच्या कंपनीची जाहिरात, मधोमध आमचे वडील, हातात हिरवंगार बोंड, खाली 'समाधानी शेतकरी'. पुढच्या हंगामात गावानं तेच बियाणं पेरलं आणि शिव्या वडिलांनी खाल्ल्या. परवा तो पुढारी वारला. श्रद्धांजलीच्या पानासाठी त्याच्या पोराचा फोन आला, "बाबांचा जुना फोटो हाय काय तुमच्यापाशी?" म्हटलं, "त्यायनं काढलेला एक हाय. त्यात माहा बाप हसून राह्यला."